कापून टाकलेला आहेर

मी एक जुना संगणक आहे आणि मी भयंकर चिडलेलो आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्याने गोड बोलावं अशी रीत आहे. आज माझ्याकडून तेवढं होणार नाही.

माझा जन्म सोलापुरातल्या एका दुकानात झाला. माझा मालक वैजनाथ समोर उभा राहून माझा एकेक भाग निवडत होता. “लग्नाचे व्हिडिओ कापायचेत, जागा भरपूर पायजे,” एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. म्हणून माझ्या पोटात दोन दांडग्या हार्ड डिस्क बसल्या. मुरुम गावच्या बाजारपेठेत त्याच्या फोटो स्टुडिओत मी आलो, माझ्यावर हळदकुंकू वाहिलं गेलं आणि मी कामाला लागलो.

आमच्या भागात लग्नाच्या व्हिडिओत लोक काय बघतात? नवरा-नवरी नव्हे, आहेर बघतात. कोणी कोणाला फेटा बांधला, कोणी कोणाच्या अंगावर लुगडं घातलं, माइकवर कोणाचं नाव घेतलं. एकाचा जरी आहेर गळला तरी दुकानात येऊन भांडण. म्हणून वैजनाथ आहेराला कधी कात्री लावत नसे. पुढे सरकव, मागे घे, आवाज जुळव, असं आम्ही दोघं तासन्‌तास करत असू. मी हळू होतो, तापायचो, मध्येच कुरकुरायचो. पण आमच्या हातून कोणाचा मामा कधी गळला नाही.

मग नवा डिजिटल कॅमेरा आला. त्याची चित्रं इतकी जड की मला ती पेलवेनात. पहिलंच काम श्रीदेवीच्या लग्नाचं होतं. वैजनाथने कॅमेऱ्याचं कार्ड मला जोडलं आणि चित्र लावलं. ते जरा चालायचं आणि जागीच थांबायचं. तसं अडखळत मी जे बघितलं ते मी विसरणार नाही.

श्रीदेवीचे सख्खे मामा म्हणजे बिराप्पा. म्हाताऱ्या आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून त्यांचं आणि श्रीदेवीच्या आईचं, शिवम्माचं, बिनसलेलं होतं. कित्येक वर्षं ते बहिणीचा उंबरा चढले नव्हते. अक्षता पडल्या तेव्हा नवरीच्या मागे चुलत मामा उभा होता. आहेर संपत आले आणि बिराप्पा काखेत इरकल लुगडं घेऊन मांडवात शिरले. त्यांनी लुगडं बहिणीच्या अंगावर घातलं. शिवम्मा भावाच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. उजेड कमी होता, मध्ये लोकांच्या पाठी होत्या, तरी सगळं दिसत होतं.

वैजनाथला मात्र माझाच वैताग आला. त्याने रणधीरला बोलावलं. रणधीर मोबाईल विकतो आणि त्याला जगातलं सगळं कळतं.

“क्यामेरा असला घेतलास आन् ह्या डबड्यावर काम करतूस?” रणधीर म्हणाला. “काचंचं मशीन घे. आत लायटा लागतेत. गिऱ्हाईक बघतच बसतंय.”

“पर डिस्क लहान हाय त्यात,” वैजनाथ म्हणाला.

“डिस्कचं मागनं बघू की. आन् सॉफ्टवेअर असलं देतो, तुला हातच लावायचा न्हाय. चांगले सीन ते आपणच उचलतंय, गाणं बी आपणच लावतंय.”

कॅमेऱ्याला यंत्र निवडायचं तर त्याची चित्रं किती जागा खातात ते आधी बघावं. आपलं काम काय, गिऱ्हाइकाला हवंय काय, ते बघून सॉफ्टवेअर घ्यावं. या दोन शहाण्यांनी दिवे बघितले. पोळ्याच्या बैलासारखी नटलेली पेटी दुकानात आली आणि माझी वायर काढून मला कोपऱ्यात बसवलं. अंगावर जुनी चादर टाकली.

नव्या पेटीने चुटकीसरशी सिनेमा तयार केला. ते सॉफ्टवेअर हसरे चेहरे निवडतं. रडणारी बाई, अंधुक उजेड, हलतं चित्र, हे सारं त्याच्या लेखी टाकाऊ. मामा म्हणजे काय, हे त्याला सांगितलं कोणी होतं? वैजनाथने तो सिनेमा पुरता बघितलासुद्धा नाही. पुढचं लग्न नळदुर्गला होतं, कार्ड रिकामं हवं होतं आणि पेटीची डिस्क भरून गेली होती. त्याने श्रीदेवीच्या लग्नाचं मूळ चित्रण पुसून टाकलं. मित्रांनो, मी हातभर अंतरावर होतो. माझ्या पोटात ढीगभर जागा रिकामी होती. मी हळू आहे हे कबूल, पण नुसतं सांभाळून ठेवायला वेग कशाला लागतो? या गोष्टीचा संताप अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

बाजाराच्या दिवशी बिराप्पा त्या सिनेमाचा पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आले.

“मालक, ह्यात म्या न्हाय,” ते म्हणाले. “म्या घरला समदी गल्ली बोलावली व्हती बघाया. अक्का हाय, हसतीया. म्या न्हाय आन् माझं लुगडं बी न्हाय.”

वैजनाथ टेबलावरचे फोटो आवरू लागला.

“खरं सांगा. अक्कानं काढाया लावलं का?”

वैजनाथने झगमगत्या पेटीकडे बघितलं. दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे बघितलं.

“आमी काय करणार, मामा,” तो म्हणाला. “घरची लोकं सांगतेत तसं आमी कापतो.”

“बरं झालं, कळलं,” एवढंच बोलून बिराप्पा पायऱ्या उतरून गेले.

दिवाळीनंतर शिवम्मा फोटोची फ्रेम न्यायला आली. “बिरू भाऊबीजेला आला न्हाय,” ती म्हणाली. “लग्नात तर किती मायेनं आला व्हता. काय चुकलं आमचं, कुणास ठावं.” वैजनाथ खाली मान घालून फ्रेमची काच पुसत राहिला.

मित्रांनो, एरवी तुम्ही उठसूट आमच्यावर खापर फोडता. काम लांबलं, की सिस्टीम हँग झाली. फाइल हरवली, की व्हायरस आला. आम्ही कधी तोंड उघडलं नाही. मग त्या दिवशी “मशीननं गाळलं, मामा, आन् म्या बघितलं न्हाय” एवढं म्हणायला वैजनाथची जीभ का रेटली नाही? त्याला दुकानाची अब्रू वाचवायची होती. ती वाचली, आणि एका बहिणीचा भाऊ पुन्हा तुटला.

मला जपा, माझ्यावरची धूळ पुसा, असं मी म्हणत नाही. मला खुशाल भंगारात घाला. नवं यंत्र जरूर घ्या, पण त्याने काय गाळलं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि चूक झालीच, तर ती दुसऱ्या माणसाच्या माथी मारू नका. पुसलेलं चित्र आता कोणत्याही मशीनवर परत येणार नाही. पण बिराप्पांचं गाव इथून लांब नाही आणि वैजनाथकडे मोटारसायकल आहे. त्याने आज तरी जावं.