जायचं नाही तिथला पत्ता

"मामंजी सांगतील तेच लिही. पदरचं अक्षर घालू नकोस," मला पत्रं लिहायला बसवताना सासूबाई म्हणाल्या होत्या. त्या गेल्या; मी अजून तसंच लिहिते. घड्याळं दुरुस्त करून करून मामंजींची नजर अधू झालीय, आणि नात्यातल्या बायकांना ते तोंडी काही सांगत नाहीत. म्हणतात, "या कानानं ऐकतात, त्या कानानं सोडतात."

त्या आठवड्यात ते भलतेच तापले होते. त्यांची लेक, म्हणजे आमच्या वन्सं, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून अर्जावर सह्या गोळा करत होत्या. शुक्रवार हा सह्यांचा शेवटचा दिवस. मी सही करीन, असा शब्द त्यांनी माझ्याकडून देवापुढं घेतला होता. त्यात खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम. मामंजींनी विचारलं असतं तर सांगावंच लागलं असतं, आणि मग उंबरठा ओलांडणं कसलं!

"लिही," मामंजी म्हणाले. "सर्व लेकीसुनांना कळावे, की त्या सह्यांच्या ठिकाणी कोणीही फिरकू नये."

"ठिकाण कुठलं, मामंजी? माहीत नसलं तर चुकून जातील बिचाऱ्या."

"खरंच की! लिही, शिंप्याच्या दुकानावरची खोली. मागचा जिना."

मी पदरचं काही घातलं नाही. विचारलं फक्त.

उत्तरं भराभर आली. चुलतसासूबाईंनी लिहिलं, "आज्ञा शिरसावंद्य. किती वाजता जायचं नाही, तेही कळवावे."

"बघ, किती काळजीनं विचारतेय!" मामंजी खूश. "लिही, शुक्रवारी पाच ते सात."

मावससासूबाईंना सोबत कोणाकोणाला न्यायचं नाही, हे हवं होतं. मामंजींनी तेही घराघराप्रमाणे सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला काही बजावायला नको. तू आपली गरीब गाय."

मी दौतीचं झाकण लावत बसले.

शुक्रवारी पाचला मी पदर सारखा केला. मामंजी कानाशी घड्याळ धरून बसले होते.

"कुठं निघालीस?"

"देवापुढं शब्द दिलाय, मामंजी. तो पाळायचाय."

"मग उभी काय राहिलीस? देवाच्या कामाला उशीर नको."

पुढं विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी दारात क्षणभर थांबलेही. त्यांनी दुसरं घड्याळ कानाशी धरलं.

मी चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि शिंप्याच्या दुकानाची वाट धरली.