बिनभाताचे खळे

मित्रांनो, कडाव गावात सहदेवअण्णांच्या गोठ्यात खुंटीला अडकवलेले एक जुने चोपणे म्हणजे मी. तुमच्यापैकी बहुतेकांनी चोपणे पाहिलेले नसेल, त्यात तुमचा दोष नाही. एक जाड सपाट फळी आणि तिला बसवलेला दांडा, एवढाच माझा अवतार. ओली जमीन बडवून सपाट करायची, हे माझे काम. दुसरे काही मला येत नाही आणि शिकावेसेही कधी वाटले नाही.

कशेळ्याच्या एका सुताराने मला ऐनाच्या लाकडातून घडवले. मला हातात तोलून तो अण्णांना म्हणाला, "मरेस्तोवर टिकंल." कुणाच्या मरणापर्यंत, ते त्याने सांगितले नाही. तेव्हापासून भात कापून झाले की अण्णा मला बाहेर काढत. घरामागची जागा तासायची, पाणी शिंपडायचे, माती तुडवायची आणि तिच्या अंगात ओल आहे तोवर माझ्याने चोपून काढायची. वरून शेणाने सारवले की खळे तयार. तिथे भात झोडायचे, तिथेच रास पडायची. अण्णांच्या खळ्यावरच्या तांदळात खडा सापडत नाही, असे गाव म्हणे. कौतुक अण्णांचे होई, मी ते गुपचूप माझ्या नावावर लावून घेई.

खळ्याचा एक नियम होता. पायात काही घालून तिथे पाऊल टाकायचे नाही. भात बघायला आलेला एक व्यापारी एकदा बुटांसकट चढला, तर अण्णांनी त्याला हात धरून खाली उतरवले आणि मगच चहा विचारला.

पुढे मळणीचे यंत्र आले. भात शेतातच झोडून पोत्यांत भरून घरी येऊ लागले आणि खळ्याची गरज सरली. मला कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू म्हणून लावण्यात आले. कोंबड्या माझ्यावर बसत आणि बसल्यावर जे करायचे ते करत. मला वाईट वाटे, ते मी लपवत नाही.

अण्णांचा नातू साईराज याच काळात मोठा झाला. वडील खोपोलीला कंपनीत पाळीवर, म्हणून पोरगा आई विमलबाई आणि आजोबांच्या नजरेखाली वाढला. कर्जतच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या, नवीन नावाच्या सरांनी त्याच्या हाती हॉकीची काठी दिली. गोल करणे त्याला कधी फारसे जमले नाही. दुसऱ्याला करू न देणे मात्र छान जमले, म्हणून तो बचावपटू झाला. देशातल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायचे, एवढे एकच त्याच्या डोक्यात होते.

"आणि नाय झालं तर?" विमलबाई विचारी. तो काठी उचलून मैदानाकडे जाई.

लीगमधल्या एका संघाने मुंबईत तरुण खेळाडूंची निवड चाचणी ठेवली, तिला तो गेला आणि हात हलवत परत आला. त्या संध्याकाळी तो खुराड्याशेजारी दगडावर बसला होता. नवीन सर भिसेगावहून मुद्दाम त्याला भेटायला आले होते.

"चेंडू पुन्हा पुन्हा तुझ्या काठीखालून गेला, साईराज," सर म्हणाले. "आपल्या मुरमाच्या मैदानावर चेंडू उडतो, म्हणून तू काठी उचलून त्याची वाट बघतोस. टर्फवर तो उडत नाही, सरपटत येतो. तुला सपाट जमिनीवर खेळायची सवय पाहिजे. उन्हाळ्यात अजून एक चाचणी आहे. त्यानंतर तू ज्युनिअर राहणार नाहीस, मग तुला बघायला कुणी बोलावणार नाही."

कृत्रिम गवताचे ते टर्फ मुंबईला. रोज तिकडे जाणे शक्य नव्हते, हे दोघांनाही माहीत होते.

अण्णा म्हशीला पेंढा घालत होते. त्यांनी एवढेच विचारले, "सपाट म्हंजी किती सपाट?"

"चेंडू सोडला तर न उडता सरळ जाईल इतकी, अण्णा."

अण्णांनी हात झटकले, ते खुराड्यापाशी आले आणि त्यांनी मला उपटून घेतले. दार पडले, कोंबड्या ओरडल्या. मला कोंबड्यांची मुळीच दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा घरामागची जागा तासायला लागले, तशी विमलबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अण्णा, भात कवाच घरात आलं. रास नाय न् खळं कसलं करताय? लोक हसतील."

"हसू दे गं."

बिनभाताचे खळे या घरात पहिल्यांदाच होत होते. अण्णांना दम लागत होता, तरी माझा दांडा त्यांनी नातवाच्या हाती दिला नाही. खळे वाळले, सारवले, आणि साईराज काठी घेऊन आला. पायांत बूट होते.

"बूट काढ," अण्णा म्हणाले.

"अण्णा, हितं भात हाय का? मी खेळाया आलोय."

"खळं ते खळं."

विमलबाईने लगेच बाजू बदलली. "पोराचे पाय फुटतील, अण्णा. घालू द्या त्याला."

"खळ्यात पायताण नाय," अण्णा म्हणाले आणि काठावर बसून राहिले.

साईराजने बूट काढले. काढताना त्याचा चेहरा जे बोलत होता ते मी इथे सांगत नाही.

तो गोठ्याच्या जोत्यावर चेंडू मारायचा आणि जोत्याचा दगड तो तितक्याच जोरात परत पाठवायचा. काठी जराशी वर राहिली की चेंडू खालून येऊन थेट पायाच्या बोटांवर बसे. नखे काळीनिळी झाली. विमलबाई हळद लावी आणि सासऱ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात पुटपुटे. पण बोटे वाचवायची तर काठी पुरती जमिनीला टेकवावी लागते, गुडघे वाकवावे लागतात. डोक्याला सांगून जे कळले नव्हते, ते बोटांना कळले. नवीन सर रविवारी येऊन जोरात चेंडू मारत. होळीपर्यंत ते काठीखालून एकही चेंडू काढू शकेनासे झाले.

अण्णांना हे आधीच ठाऊक होते, असे समजू नका. त्यांना हॉकीतले ओ की ठो कळत नव्हते. त्यांनी फक्त खळ्याचा मान राखला होता.

खळे रोज उखडे आणि रोज संध्याकाळी मला कामाला लावले जाई. अशातच माझा दांडा तडकला. मला वाटले, आता चूल. पण साईराजने आपल्या काठीच्या मुठीची जुनी निळी पट्टी सोडली आणि माझ्या दांड्याला घट्ट गुंडाळली. त्याची काठी मला आधी माझ्या जातीची वाटली होती. आवाजावरून कळले की तिच्यात लाकूड नाहीच. पण पट्टी मी ठेवून घेतली.

चाचणीला अर्थात मी नव्हते. जे घडले ते नवीन सरांनी अंगणात सांगितले, तेव्हा ऐकले. साईराज टर्फच्या कडेला पोहोचला आणि सवयीने त्याने बूट काढून शेजारी शेजारी ठेवले. निवड करणाऱ्यांपैकी एकाने विचारले, "काय रे, देवळात आलास का?" सगळे हसले. लालबुंद होऊन त्याने बूट पुन्हा चढवले आणि तो मैदानात उतरला. त्यानंतर कुणी हसले नाही. संघाच्या यादीत त्याचे नाव लागले. सर सांगत होते आणि विमलबाई पदराने डोळे पुसत होती.

पुढच्या हिवाळ्यात साईराज संघाबरोबर दूर होता. अण्णांचे गुडघे गेले होते. मी मनाने पुन्हा खुराड्यापाशी जायची तयारी केली. तेव्हा विमलबाईने मला उचलले.

"कशी चोपू सांगा, अण्णा," ती म्हणाली.

"ओल बघ आधी."

पहिल्या सामन्याच्या दिवशी तिने टीव्ही बाहेर आणून मांडला. शेजारपाजारचे अनवाणी होऊन खळ्यावर बसले. मी भिंतीला टेकून होते, मला पडदा दिसत नव्हता. अण्णांनाही आता लांबचे नीट दिसत नाही. शेवटी शेवटी गलका वाढला, कुणीतरी म्हणाले, "गेला, गोल गेला," आणि तेवढ्यात एक टणक, बुटका आवाज आला. तो आवाज मी मागचा सबंध हिवाळा ऐकलेला होता.

"काठी लागली जमिनीला," अण्णा म्हणाले.

साईराजचा संघ सामना हरला. अण्णांनी ते विचारलेही नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कशाला तरी टेकू लावलेले एखादे जुने अवजार असेल. ते कशासाठी होते, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. माझे आता बरे चालले आहे. कोंबड्यांचेही काही अडलेले नाही. त्यांच्या दाराला हल्ली साईराजचा जुना बूट लावलेला असतो.