फलकची कॉमेंट्री

काष्टीच्या शाळेच्या मैदानावर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कबड्डीचा जिल्ह्याचा सामना, पाहुणा संघ थेट खर्ड्याचा आणि कॉमेंट्रीला नववीतली फलक! तिच्या शेजारी मनवा माइक धरून बसली होती.

फलकचं डोकं वर्गात सगळ्यांत तेज. पण जन्मापासून हातापायांवर ताबा कमी, आणि शब्द तोंडातून फुटत नसत. टॅबवरची चित्रं, अक्षरं ती बोटाने दाबायची आणि टॅब तिच्या वतीने बोलायचा. आधी तो फार पुस्तकी बोलायचा. मग वर्गातल्या पोरांनीच एका सुट्टीत घोळका करून त्यात 'लई भारी' आणि 'आरं, पळ की' भरलं. मनवा तिची बाकावरची मैत्रीण. सुरुवातीला ती फलकचं वाक्य अर्ध्यातच ओळखून पुरं करायची. शेवटी वैतागून फलकने टॅबवर सांगितलं होतं, "मला बोलू दे. तू थांब." त्या दिवसापासून मनवा थांबायला शिकली.

"आपल्या हर्षलची चढाई! लई भारी! गडी बाद!" भोंग्यातून टॅबचा आवाज घुमला की मैदान उसळायचं. खर्ड्याची पोरंसुद्धा वळून बघायची.

शेवटची दोन मिनिटं, गुण बरोबरीत, आणि नेमका टॅब उन्हाने तापून बंद पडला. मनवाने झटकन दप्तरातून अक्षरांचा तक्ता काढला.

"तू दाखव, मी बोलते. जसंच्या तसं."

फलकचं बोट थरथरत अक्षरांवरून धावू लागलं. हर्षल पुन्हा चढाईला गेला, दोघांना शिवला आणि बाजूच्या रेषेच्या कडेने सुसाट परतला. पंचांनी दोन गुण दिले. सगळी शाळा नाचायला लागली. मनवाही उठून उभी राहिली, तेवढ्यात फलकचं बोट तक्त्यावर आपटलं. पाय. बाहेर.

मनवा तिच्याकडे वळली. त्या दोघी रेषेला लागूनच बसल्या होत्या. "नक्की?"

फलकने होकारार्थी मान हलवली.

"अगं, आपण जिंकतोय!"

बोट सावकाश फिरलं. मी सांगतेय.

माइक मनवाच्या हातात होता, पण शब्द फलकचे होते. ते गिळायचा हक्क तिला नव्हता. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "फलक सांगतेय, हर्षलचा पाय रेषेबाहेर पडला!"

 मैदानभर शिट्ट्या, आरडाओरडा. पंच हर्षलपाशी गेले. "काय रे, खरं का?"

हर्षल लालबुंद झाला होता. त्याने मातीकडे पाहिलं, दम घेतला आणि हात वर केला. "व्हय सर. पडला हुता."

दोन गुण गेले, वर खर्ड्याला एक मिळाला. शेवटची चढाई त्यांचीच. पकडला तर बरोबरी! मनवा घसा फाडून फलकची अक्षरं ओरडत होती. "घेरा! पाय धरा! धरला! धरला..." खर्ड्याचा गडी तिघांना ओढत पुढे सरकला आणि त्याची बोटं मध्यरेषेला टेकली. शिट्टी झाली. काष्टी चार गुणांनी हरली, तरी टाळ्या थांबेनात.

हर्षल तणतणत त्या दोघींपाशी आला. "फलक, आपल्याच शाळेची हायेस ना तू?"

फलकने तक्त्यावर बोट ठेवलं. मनवा वाचत गेली, "तू... हात... वर... केलास... ते... लई... भारी."

 हर्षल मान खाजवत हसला.

तेवढ्यात खर्ड्याचा कर्णधार पुढे आला. तो मनवाशी बोलू लागला, तशी तिने फलककडे बोट केलं. मग तो गुडघ्यावर बसून फलकलाच म्हणाला, "पुढल्या महिन्यात आमच्याकडं सामने हायेत. कॉमेंट्रीला याल का?"

फलकचा सगळा चेहरा उजळला. बोट इतकं भरभर पळायला लागलं की मनवाला वाचता वाचता धाप लागली.

"येते. पण आधी तुमचा खर्ड्याचा किल्ला दाखवायचा. सगळा. वरपर्यंत!"

"उचलून नेतो की!" खर्ड्याची पोरं एका सुरात ओरडली.