रसाळकाकूंचा पितळी डबा

सकाळपासून माझे पाय जमिनीवर नव्हते. साठी उलटलेली, गुडघ्यांनी कटकट करणारी बाई मी, पण लाडू वळताना चक्क गाणं गुणगुणत होते. आमचे हे, गेनबा, दारात येऊन म्हणाले, "शालू, कुणाचं लगीन हाय का आज?" म्हटलं, लग्नापेक्षा मोठं काम आहे, तुम्ही आधी गाडी काढा.

काम डब्याचं होतं. बेचाळीस साली भाऊसाहेब रसाळ भूमिगत होते, तेव्हा कात्रजजवळच्या आमच्या मळ्यात कडब्याच्या गंजीमागे लपले होते. त्यांच्या बायकोनं, रसाळकाकूंनी, कुणाच्या तरी हाती पितळी डबाभर लाडू धाडले. लाडू संपले, डबा राहिला. आता दुसऱ्याचं भांडं आपण रिकामं परत देतो का कधी? माझ्या आजेसासूबाई तो भरून पाठवणार, तेवढ्यात भाऊसाहेब पकडले गेले. डेक्कनवरच्या त्यांच्या बंगल्याला सरकारी कुलूप लागलं आणि घरची माणसं कुठं पांगली ते कुणाला कळलंच नाही.

आजेसासूबाईंनी जाताना डबा माझ्या सासूबाईंच्या, मैनाबाईंच्या हवाली केला. "भरून द्यायचा हाय," एवढंच बोलल्या. सासूबाई आता नव्वदीला टेकल्या, डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण डबा अजून चिंचेनं स्वतः घासतात. "हे वझं घेऊन मला वर जायचं न्हाई," हे पालुपद आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय.

आणि यंदा त्या बंगल्याचं संग्रहालय झालं. मी फोनवर फोटो पाहिला. स्वयंपाकघरातल्या फळीवर पितळी डबे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत उतरत्या रांगेत, आणि मधे एक जागा मोकळी. अगं आई गं, माझ्या हातातून फोन पडायचाच बाकी होता.

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई ह्यांचा हात धरून मागून सावकाश येत होत्या. बंगल्याच्या फाटकावर पाटी होती: 'खाद्यपदार्थ आत आणू नयेत. थोडेसेच आहेत, असे सांगू नये.' तिकिटाच्या खिडकीत पूर्णिमा नावाची बाई होती. संग्रहालयाची सगळी व्यवस्था तीच पाहते. तिला मी एका दमात सगळं सांगितलं.

"डबा आत येईल," ती म्हणाली. "लाडू नाही."

"अहो, रिकामा कसा देऊ?"

"लाडू आत गेले की मुंग्या येतात. त्या तिकीट काढत नाहीत."

अस्सा राग आला मला. पण तिनं डबा हातात घेतला, उलटापालटा केला, झाकणाची कमळाची मूठ बोटानं चाचपली. मग हळूच म्हणाली, "आतल्या सगळ्या डब्यांना हीच मूठ आहे हो. आम्हाला वाटलं होतं, तो मोडीत गेला."

झालं. माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी तिथंच झाकण उघडलं. पूर्णिमाला दोन लाडू, पहारेकऱ्याला दोन, सहलीला आलेल्या शाळेच्या पोरींना एकेक. "घ्या गं, लाजताय काय, रसाळकाकूंचे आहेत." पोरी हसत होत्या, मी वाटत होते. डबा कधी संपला कळलंच नाही.

मग मी झाकण लावलं आणि मोठ्या तोऱ्यात डबा सासूबाईंच्या हातात दिला. "चला आत्याबाई, द्या आता तुमच्या हातानं."

त्यांनी तो जोखला. "हलका का लागतोय गं?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले. त्या पायरीवर बसल्या, डबा पोटाशी धरून. रागावल्या नाहीत, तेच वाईट. "चल घरी," म्हणाल्या. "पुन्हा भरून आणू." पण पुन्हा भरूनही तो आत जाणार नव्हता, आणि त्यांचं पुन्हा येणं कुणाच्या हातात होतं? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला.

"साखर? तांदळाचे चार दाणे?" मी पूर्णिमाला विचारलं. तिनं नकाराची मान हलवली, पण आता तिचेही डोळे भरले होते.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. पंजा दाबला, कातडी सोलली तरी ओढली, आणि एक हिरवी बांगडी अख्खी काढली. "ही चालेल?"

पूर्णिमानं नाक पुसलं. "चालेल. काचेला मुंग्या लागत नाहीत."

स्वयंपाकघरात तिनं आमच्यासाठी फळीपुढची अडवणारी दोरी सोडली. सासूबाईंना रांग दिसत नव्हती. मी त्यांचे हात धरून फळीपर्यंत नेले. डबा मोकळ्या जागेत टेकला आणि आत बांगडी किणकिणली.

"ऐकलं का काकू," त्या फळीकडे तोंड करून म्हणाल्या, "भरून दिला बरं का."

मग हात काढून घेतले. इतकी वर्षं डबा सांभाळणारे ते हात कुठं ठेवावे, हे त्यांना क्षणभर सुचेना, म्हणून मी ते माझ्या हातात घेतले.