अकरानंतरचं रेकॉर्डिंग

बसमध्ये तिकिटं तपासणाऱ्या त्या माणसाला घरीदारी सगळे ‘चेकर’च म्हणत. बावीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय, ते ओळखायचं. तिकीट हरवलेला माणूस खिसे चाचपतो आणि न काढलेलाही चाचपतो, पण न काढलेला आधी खिडकीबाहेर बघतो, असं तो सांगायचा. बायको वैतागून म्हणायची, “घरी आलास तरी तुझी ड्यूटी काही संपत नाही.”

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ‘हो’, ‘नको’ आणि ‘कुठे’ एवढे तीन शब्द तेवढे उरले, आणि त्यांतला कुठला कधी बाहेर पडेल याचाही नेम नव्हता. बायको शाळेच्या कार्यालयात कामाला होती, ती नऊलाच निघायची. चेकर साडेदहाला निघायचा. म्हणून दिवसभरासाठी एक बाई ठेवली. पन्नाशीची, दणकट हातांची, कामापुरतं बोलणारी. सगळे तिला ताई म्हणत. ती आठला यायची आणि सहाला जायची.

दोन महिने सुरळीत गेले. मग एका संध्याकाळी आईच्या मनगटावर त्याला निळा डाग दिसला. अंगठ्याएवढा.

“हे काय?” त्याने ताईला विचारलं.

“रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, दादा. जरा कुठे टेकलं तरी डाग पडतो.”

उत्तर चटकन आलं. जरा जास्तच चटकन, असं त्याला वाटलं. त्याने आईला विचारलं, “हिने हात धरला का जोरात?” आई म्हणाली, “हो.” मग म्हणाली, “नको.” चेकरच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुसऱ्या दिवशी त्याने बायकोचा जुना फोन काढला. फोनचा कॅमेरा करून दिवसभर चित्रण करणारं एक अ‍ॅप त्यात टाकलं. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून बसस्टँडवरच्या एका फिरत्या विक्रेत्याकडून मेमरी कार्ड आणून बसवलं. कार्डावर ठळक अक्षरांत १२८ जीबी लिहिलं होतं. औषधांच्या डब्यांमध्ये फोन उभा केला, चार्जरची वायर लावली आणि ताईला म्हणाला, “चार्जिंगला लावलाय, हात लावू नका.”

“नाही लावणार,” ती म्हणाली.

संध्याकाळी तो फोन घेऊन स्वयंपाकघरात बसला. अ‍ॅप दर दहा मिनिटांची एक फाइल करत होतं. आठपासूनच्या फायली नीट चालल्या. ताईने आईला सूप पाजलं, केस विंचरले. साडेदहाला तो स्वतः दाराबाहेर पडताना दिसला. अकरा वाजले. अकरा दहा. त्यापुढच्या फायलींची नावं होती, पण एकही उघडेना. सहा वाजेपर्यंत सगळ्या तशाच.

त्याने कार्ड पुसून कोरं केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. पुन्हा अकरा दहा. तिसऱ्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटं.

“मी गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात,” तो बायकोला म्हणाला. “रोज. मशीन काय घड्याळ बघून बिघडतं? इथे पाणी मुरतंय.”

“ताईंना साधा मेसेज टाइप करता येत नाही. फायली कसल्या बिघडवतात त्या?”

“येत नाही असं दाखवते.”

“मग सरळ विचार ना त्यांना.”

पण सरळ विचारणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. चौथ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून तो एक वाजता घरी आला. दाराला आतून कडी होती. बेल वाजवल्यावर दार उघडायला वेळ लागला. ताईचे हात ओले होते, खोलीचा पडदा ओढलेला होता, आणि फोनवर टॉवेल टाकलेला होता.

“हा टॉवेल कशाला?”

“आईंचं अंग पुसत होते.”

“ते पलंगावर. मी फोनवरच्या टॉवेलचं विचारतोय.”

ताईने त्याच्याकडे सरळ बघितलं. “तो बघतो ना, दादा.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? फोनच्या पडद्यावर, कोपऱ्यात, हिरवा ठिपका असतो. माझ्या नातीने दाखवलाय मला तिच्या फोनवर.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून हिला माहीत होतं! चेकरचा पारा चढला. निळा डाग, न उघडणाऱ्या फायली, आतली कडी, सगळं तो एका दमात बोलून गेला. “काय लपवताय ते तुम्हालाच ठाऊक,” शेवटी म्हणाला. “उद्यापासून येऊ नका.”

ताईने आईच्या गाऊनची बटणं लावली, पाण्याचं घमेलं मोरीत नेऊन रिकामं केलं आणि चप्पल घातली. दारातून एवढंच म्हणाली, “दर दोन तासांनी कूस बदला. आणि उजवा हात ओढू नका, निखळेल.”

“कुठे?” आतून आई म्हणाली. ती संध्याकाळपर्यंत तेच म्हणत राहिली.

चेकरला आता पुरावा हवा होता. तो फोन आणि कार्ड घेऊन एका दुरुस्तीवाल्या बाईकडे गेला. जिन्याखाली तिचं टेबलाएवढं दुकान होतं. “कोणीतरी यातलं पुसलंय. परत काढून द्या,” तो म्हणाला. तिने दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी आईजवळ बायकोला थांबवून तो दुकानात गेला, तेव्हा तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर बारीक अक्षरांत ओळीच ओळी होत्या.

“अ‍ॅप व्हिडिओ ठेवतं कार्डावर,” ती म्हणाली, “पण स्वतःची डायरी ठेवतं फोनच्या पोटात. लॉग फाइल म्हणतात तिला. फोनवर ती सहजासहजी दिसत नाही, वायर लावून काढावी लागते. कोणी सुरू केलं, थांबवलं, पुसलं, सगळं वेळेसकट त्यात असतं. आता सांगा, सकाळी आठला सुरू कोण करायचं?”

“मी.”

“संध्याकाळी सहा वीसला थांबवलं.”

“मीच.”

“सात पाचला कार्ड कोरं केलं.”

“तेही मीच.”

“मग चार दिवसांत दुसरा हात कुणाचाच नाही. मधे कोणी थांबवलं नाही की पुसलं नाही. अ‍ॅप दर दहा मिनिटांनी ‘फाइल ठेवली’ म्हणून लिहीत गेलंय, बिचारं.”

“मग फायली गेल्या कुठे?”

तिने कार्ड चिमटीत धरलं. “मी हे पूर्ण भरलं आणि परत वाचून बघितलं. वर एकशे अठ्ठावीस लिहिलंय, आत जागा आठची. आठ भरेपर्यंत नीट ठेवतं, मग नुसतं ‘घेतलं, घेतलं’ म्हणतं आणि फेकून देतं. तुमचं चित्रण तीन तासांत आठ जीबी होतं. रोज कोरं करून आठला सुरू केलंत, तर रोज अकराच्या सुमाराला बोंबलणारच. बनावट माल. पावती आहे?”

“नाही.” त्याने कार्ड तिच्या हातातून घेतलं. “पण मग दुपारी काय व्हायचं, ते कळायचा काही मार्ग?”

“यातून नाही. ते कधी साठलंच नाही.”

येताना तो औषधांच्या दुकानात थांबला. आईच्या गोळीचं नाव सांगून डागाचं विचारलं. औषधवाला म्हणाला, “पडतात की. आम्ही पाकीट देताना सांगतोच.” सांगितलं होतं बहुतेक. तेव्हा चेकर त्याच्या मागच्या फळीवरच्या तारखा तपासत होता.

दोन दिवस त्याने रजा काढून आईचं केलं. कूस बदलताना ती कळवळायची, सूप हनुवटीवरून ओघळायचं. डाव्या दंडावर नवा निळा डाग उठला. तो त्याच्याच बोटांचा होता.

तिसऱ्या दिवशी बायको घरी आल्यावर तो ताईच्या घरी गेला. ती दारातच उभी राहिली. त्याने कार्डाची सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाला, “चूक झाली माझी. परत या.”

“कार्ड खोटं निघालं म्हणून मी खरी ठरले होय?” ती म्हणाली. “ते चांगलं असतं आणि मी टॉवेल टाकला असता, तर?”

त्याने हातातलं कार्ड खिशात टाकलं.

“कडी मीच घालायची. आई उघड्या असायच्या, म्हणून. त्या बोलत नाहीत, पण लाजतात. तुम्ही मुलगा आहात, तुम्हाला कसं सांगू?” मग ती म्हणाली, “मी दुसरीकडे शब्द दिलाय. त्या घरी सोमवारपासून जायचंय.”

“तोवर दोन दिवस?” तो म्हणाला. “नवीन बाई मिळेपर्यंत मलाच करावं लागणार. मला जमत नाही, ताई.”

ती आत गेली. दार उघडंच होतं. बऱ्याच वेळाने पिशवी घेऊन बाहेर आली.

तिला बघून आई ‘हो, हो’ म्हणत डाव्या हाताने पलंग थोपटायला लागली. ताईने चेकरला पलंगाच्या कडेला उभं केलं.

“हात खांद्याखाली घाला. वरून धरू नका. अजून आत. आता गुडघा वाकवा त्यांचा, आणि ओढू नका, त्यांना स्वतःहून वळू द्या.”

आई हळूहळू वळली. या वेळी ती कळवळली नाही.

“पुन्हा,” ताई म्हणाली.