समईखालची पेटी

नवरा-बायकोत रोज शब्दाला शब्द लागावा अशी एखादी वस्तू प्रत्येक घरात असतेच. इंदूरच्या दौलतरावांकडे ती होती एक सागवानी पेटी. त्यांचे आजोबा संताजीराव दरबारच्या दारूखान्यात शोभेची आतषबाजी बनवत. त्या अभिमानापोटी दौलतराव जुने मातीचे अनार, चंद्रज्योती, फटाक्यांच्या पुड्यांवरची रंगीत चित्रं जमवत. दरबार गेला, मध्यभारत राज्य आलं, पेटी मात्र भरतच राहिली.

"सगळे खाली डिब्बे आहेत गं, रिकामे," ते आनंदीबाईंना सांगत.

हे खोटं होतं. बारूद भरलेल्या अनाराचा रुबाबच वेगळा, आणि शौकीन मंडळींच्या अदलाबदलीत त्यालाच मान!

एका रविवारी दुपारी घरी दिनानाथबुवांचं कीर्तन ठरलं. दौलतराव सकाळीच गौतमपुऱ्याला गेले होते. तिथल्या उदयसिंहांना दोन चित्रं देऊन एक भरलेला अनार आणायचा होता. परतीची मोटार उशिरा सुटली. ते दारात पोचले तेव्हा बैठक गच्च भरली होती, पूर्वरंग संपत आला होता. आणि बुवांच्या शेजारी, शालीने झाकलेली, दौलतरावांचीच सागवानी पेटी! तिच्यावर पाच वातींची समई तेवत होती. चौरंगाचा पाय निखळला म्हणून आनंदीबाईंनी 'खाली डिब्ब्यांची' पेटी ओढून आणली होती.

आता दौलतरावांनी करावं काय? ओरडावं, तर लोक धावतील आणि समई कलंडेल! अनाराची पिशवी दाराबाहेर ओट्यावर ठेवून, वाट काढत ते पुढे गेले आणि बुवांच्या कानाशी पुटपुटले, "बुवा, पेटीत बारूद आहे. भरलेली."

बुवांची झांज क्षणभर थांबली. मग ते हसऱ्या तोंडाने म्हणाले, "मंडळी, आज देवाला अंगणात यायचंय! चला, विठ्ठलाचा गजर करत माझ्यामागे!"

लोक नाचत बाहेर पडले. सर्वांत शेवटी दौलतराव, दोन्ही हातांनी समई सावरत. ती तुळशीपाशी टेकली तेव्हा कुठे त्यांचा श्वास मोकळा झाला.

कीर्तन अंगणातच पार पडलं. लोक पांगले आणि आनंदीबाईंना सगळं कळलं.

"अहो, त्या पेटीवर बसून मी रोज भाजी निवडते! शेगडी हाताशी घेऊन!"

"आजोबांची निशाणी गं. बारूद काढली तर उरलं काय?"

बुवांनी विचारलं, "आजोबा दारूखान्यात शिरताना चिलीम कुठे ठेवत?"

"बाहेर. लांब लिंबाखाली. आत जाण्याआधी अंगरखासुद्धा झटकून..." दौलतराव मध्येच थांबले.

"म्हणजे बारूद तेवढी जपलीत, त्यांची शिस्त नाही! त्यांनी लोकांना सुखरूप ठेवून उजेड दाखवला. तुम्ही घरच्यांनाच अंधारात ठेवलंत."

दौलतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी एकेक चंद्रज्योत, एकेक अनार हौदात बुडवला, पिशवीतला नवाही. पाणी काळं होत गेलं आणि त्यांची छाती हलकी होत गेली. मग त्यांनी पत्र लिहिलं: 'उदयसिंहजी, यापुढे रिकाम्यांचीच अदलाबदल. तुमचीही पेटी आजच भिजवा.'

वाचकहो, पूर्वजांची आठवण जरूर जपा, ते पुण्यच आहे. पण जी आठवण घरच्यांपासून लपवावी लागते, तिच्यात धोका आहे हे आपलं आपल्यालाच ठाऊक असतं. तो आजच काढून टाका!

पुढच्या एकादशीला समई पुन्हा त्याच पेटीवर ठेवायची होती. आनंदीबाई समई घेऊन उभ्याच राहिल्या.

"आधी उघडून दाखवा."

दौलतरावांनी झाकण उघडलं. धुतलेले, रिकामे अनार आत हारीने मांडले होते. आनंदीबाई हसल्या आणि त्यांनी वात लावली.