वाकडी करंगळी

पोस्टरचं काम मिळाल्यापासून फोटोवाल्याचे पाय जमिनीवर नव्हते. मुलांना कामाला जुंपू नका, असं सांगणारं पोस्टर, आणि ते देशोदेशी लागणार होतं. त्यात फक्त एका मुलाचे राबलेले हात हवे होते. त्यानं शेजाऱ्यांच्या मुलीला बसवलं, तिच्या हातांना कोळसा फासला. पोस्टर काढणाऱ्या संस्थेच्या बाईंनी फोटो नापसंत केला.

"हे राबलेले हात नाहीत हो. खेळून आल्यासारखे दिसतात."

त्याचं डोकंच फिरलं. इतक्यात सांडलेला कोळसा पुसायला त्याच्या मेहुणीची मुलगी आली. पोरगी दहा वर्षांची. शिकवतो म्हणून आणलेली. पण शाळेचं आज-उद्या करता करता तिच्या गळ्यात भांडी पडली, मग धुणं, मग इस्त्री. ती फडकं पिळत होती. बोटांना भेगा, मनगटावर इस्त्रीचा चटका आणि जन्मापासून वाकडी असलेली करंगळी.

"हलू नकोस," तो म्हणाला आणि त्यानं फोटो काढला. या माणसाला नजर होती, पण ती कॅमेऱ्यापुरतीच.

बाई खूश झाल्या. हात कुणाचे, असं त्यांनी विचारलं.

"मेकअप आहे," तो बेधडक म्हणाला.

पोस्टर घरापुढच्या त्याच्या दुकानाच्या काचेवर लागलं. मुलीच्या मावशीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो चटका ओळखला आणि मान फिरवली. तेव्हापासून ती मागच्या दारानं ये-जा करू लागली. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण घरातली भांडी कुणीतरी घासायला हवीच होती, म्हणून तिनं लाज गिळली.

एका सकाळी धाकटी बहीण न कळवता दारात उभी राहिली.

"ताई, आमच्या कारखान्याच्या फाटकावर एक पोस्टर लावलंय. त्यातली करंगळी माझ्या पोरीची आहे."

"अगं, ते नुसतं फोटोपुरतं..." मावशीची जीभ अडखळली.

आवाज ऐकून मुलगी आतून धावत आली. कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"आज शाळा नाही का गं?" आईनं विचारलं.

"आज सुट्टी आहे, आई." फोनवर बोलायला मावशीनंच हे पढवलं होतं. पोरगी जराही अडखळली नाही.

बाहेर दप्तरं पाठीला लावून मुलं चालली होती. मावशीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपण या पोरीला कामाला लावलं ते लावलं, वर आपली अब्रू सांभाळायलाही तिलाच लावलं.

"सुट्टी नाही," ती कशीबशी म्हणाली. "मी तिचं नाव शाळेत घातलंच नाही."

 बहिणीनं पोरीचे हात आपल्या रुमालानं पुसले, एकेक बोट.

"चप्पल घाल. घरी जायचंय."

मुलगी दोन पावलं गेली आणि घाबरून मागे वळली.

"मावशी, दोन पातेली राहिलीत. घासून जाऊ?"